इंग्रजीत शेजारी कोण आणि साहेब कोण?

बखरवाचक (धागाकर्ता)

इंग्रजीवर परकीय आक्रमणांचा परिणाम हा विषय निघाला की गाडी थेट १०६६ वर जाऊन थांबते. फ्रान्समधल्या नॉर्मंडीचा ड्यूक विल्यम हेस्टिंग्जची लढाई जिंकला, दरबारात फ्रेंच आली आणि तिच्या मागोमाग फ्रेंच शब्दांची रीघ लागली. हे खरंच आहे. जाडजूड इंग्रजी शब्दकोश घेऊन मोजायला बसलात तर निम्म्याहून जास्त शब्द फ्रेंच नाहीतर लॅटिन निघतील. पण नुसत्या खानेसुमारीने भाषा कळत नाही. माझं मत असं, की इंग्रजीच्या हाडामांसात शिरले ते नॉर्मन नव्हेत, त्यांच्या दोनेकशे वर्षं आधी डेन्मार्क-नॉर्वेकडून आलेले व्हायकिंग. त्यांचे शब्द संख्येने थोडे, म्हणून त्यांना कोणी विचारत नाही.

सुरुवातीचा भाग भरभर उरकतो. इ.स. ४३ मध्ये सम्राट क्लॉडियसच्या फौजा ब्रिटनमध्ये उतरल्या, ४१० च्या सुमारास रोमनांनी गाशा गुंडाळला. या काळात इंग्रजी त्या बेटावर नव्हतीच, लोक केल्टिक भाषा बोलत होते. रोमन छावणीला लॅटिनमध्ये 'कास्त्रा' म्हणत, ती मँचेस्टर, लँकेस्टर, ग्लॉस्टर अशा गावांच्या शेपटीत राहिली. मग पाचव्या शतकात आजच्या उत्तर जर्मनी आणि डेन्मार्कच्या किनाऱ्यावरून अँगल, सॅक्सन आणि ज्यूट आले. निदान बीड नावाच्या साधूने ७३१ च्या इतिहासात ही तीन नावं दिली आहेत. त्यांची बोली म्हणजे जुनी इंग्रजी. मूळच्या केल्टिक रहिवाशांना त्यांनी जे नाव दिलं त्याचा अर्थ 'परके', त्यातूनच 'वेल्स' आला. घरच्याला पाहुण्याने परका ठरवायचा, हा प्रकार जुनाच आहे. केल्टिकमधून नेहमीच्या वापरातले शब्द फारसे उचलले नाहीत, नद्यांची नावं मात्र तशीच ठेवली. 'एव्हन' म्हणजेच नदी. 'रिव्हर एव्हन' म्हणणारा नदीला नदी-नदी म्हणतोय.

आता मुद्द्याचं. ७९३ मध्ये लिंडिसफार्नच्या मठावर व्हायकिंगांची धाड पडली. नंतरची सत्तरेक वर्षं लुटालुटीची. ८६५ मध्ये मात्र मोठी फौज आली ती मुक्कामाला, आणि पुढच्याच वर्षी तिने यॉर्क घेतलं. ८७८ मध्ये राजा आल्फ्रेडने एडिंग्टनला त्यांचा पराभव केला आणि पुढे सरहद्द ठरली. तिच्या पलीकडचा उत्तर-पूर्वेचा मुलूख म्हणजे 'डेनलॉ'. तिथे या लोकांनी जमिनी कसल्या, बायका केल्या, बाजार केला. १०१६ मध्ये तर कनूट हा डेन सगळ्या इंग्लंडचा राजा झाला.

त्यांनी काय दिलं ते बघा. एग, स्काय, स्किन, नाइफ, विंडो (म्हणजे वाऱ्याचा डोळा), हजबंड (घरधनी), अँगर, अग्ली, राँग, टेक, गेट, बोथ, सेम. मरणासाठी आधीचा शब्द होता 'स्टेओर्फन'. 'डाय' रूढ झाल्यावर त्याला उपाशी राहण्याचं काम दिलं, तोच आजचा 'स्टार्व्ह'. आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे 'दे, देम, देअर'. भाषा दुसरीकडून नामं उचलतात, क्रियापदंही उचलतात. सर्वनाम उसनं घेणं फार दुर्मिळ. जुन्या इंग्रजीत तो, ती आणि ते यांची रूपं 'हे', 'हेओ', 'हिए' अशी होती. बऱ्याच बोलींत ती एकमेकांत मिसळायला लागली, म्हणून शेजाऱ्याचं ठसठशीत रूप घेतलं.

त्याहून खोल परिणाम व्याकरणावर आहे. जुन्या इंग्रजीत आपल्यासारखी तीन लिंगं होती, विभक्तीचे प्रत्यय होते. व्हायकिंगांची भाषा नॉर्स ही तिची चुलत बहीण. दगडाला एकीत 'स्टान', दुसरीत 'स्टेइन', दिवसाला 'डॅग' आणि 'डाग्र'. मूळ शब्द कळतो, घोटाळा शेवटाला होतो. बैल विकताना दोघांनाही सोयीचं काय, तर शेवट गिळून टाकायचा. पिढ्यान्‌पिढ्या गिळत गेल्यावर प्रत्यय उरले नाहीत आणि कर्ता कोण, कर्म कोण हे शब्दांच्या जागेवरून ठरायला लागलं.

साहेब शब्दकोश जाड करतो, शेजारी व्याकरण बदलतो असं मला वाटतं. तुम्ही काय म्हणता?

पानपट

वाचतोय. पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत.

कज्जेदलाल

धागा आवडला, पण नॉर्मनांचा निकाल तुम्ही एकतर्फी लावलात. वकिली पेशातला आहे, त्यामुळे त्यांचं वकीलपत्र घेणं भाग आहे.

आमच्या कामातला एकही दिवस नॉर्मन फ्रेंचशिवाय जात नाही. जज, ज्युरी, अटर्नी, प्लेंटिफ, बेलिफ सगळे तिथले. 'मॉर्गेज' म्हणजे शब्दशः मेलेलं तारण. हायकोर्टात मुख्य न्यायमूर्ती सोडून बाकीच्यांना 'प्युनी जज' म्हणतात. मूळ फ्रेंच अर्थ 'नंतर जन्मलेला', म्हणजे कनिष्ठ. क्षुद्र या अर्थाचा 'प्युनी' तोच, फक्त स्पेलिंग बदललं. हे कोर्टात मोठ्याने बोलायचं नाही एवढंच.

मृत्युपत्राच्या मसुद्यात 'विल अँड टेस्टामेंट' असं दोनदा का लिहितात, हा प्रश्न प्रत्येक ज्युनिअरला पडतो. विल इंग्रजी, टेस्टामेंट लॅटिन घराण्यातला. 'गुड्स अँड चॅटल्स'ची तीच गोष्ट. अशा सगळ्याच जोड्यांचा उगम असा नाही. 'नल अँड व्हॉइड'मधले दोन्ही शब्द परकेच. पण एका समाजात दोन भाषा नांदत होत्या याच्या खुणा या कागदांत आहेत.

गंमत १३६२ ची. कोर्टातले युक्तिवाद लोकांना कळत नाहीत, तेव्हा ते इंग्रजीत व्हावेत असा कायदा पार्लमेंटने केला. तो कायदा लिहिला आहे फ्रेंचमध्ये. आणि वकील मंडळी काही हटली नाहीत. 'लॉ फ्रेंच' नावाची तोडकीमोडकी, खुद्द फ्रेंच माणसालाही न कळणारी भाषा त्यांनी पुढे शतकानुशतकं लिहिली. लॅटिन आणि लॉ फ्रेंच यांना कोर्टातून कायमचं घालवलं १७३३ मध्ये अमलात आलेल्या कायद्याने.

आपल्याकडे वेगळं काय आहे? फिर्याद, वकील, जामीन, दस्तऐवज, मुद्देमाल, हे सगळं फारसी-अरबीतून आलं. आपल्यावर फारसीत राज्यकारभार झाला, त्यांच्यावर फ्रेंचमध्ये. साहेब गेला तरी कचेरी त्याच्याच भाषेत चालू राहते.

बखरवाचक

कज्जेदलाल साहेब, तुम्ही माझाच मुद्दा मांडलात. साहेब कचेरीत राहिला. आणि एक निदर्शनास आणून देतो, तुमच्या पेशाचा मूळ शब्द 'लॉ' हा व्हायकिंगांचा आहे. :)

कज्जेदलाल

हरकत नोंदवून घ्यावी. 'लॉ' त्यांचा, 'जस्टिस' आमचा.

पानपट

शाळेत ऐकलेलं: गाय-डुकरं राखणारा इंग्रज, म्हणून काऊ आणि पिग इंग्रजी. ताटात मांस वाढून घेणारा नॉर्मन, म्हणून बीफ आणि पोर्क फ्रेंच. हे खरं ना?

उत्तरवारा

अर्धं खरं. शब्दांची कुळं बरोबर आहेत. गोष्ट मात्र फार गोड करून सांगितली जाते. १६५३ मध्ये जॉन वॉलिसने आपल्या व्याकरणात ती मांडली आणि १८१९ च्या शेवटी निघालेल्या वॉल्टर स्कॉटच्या 'आयव्हॅन्हो'ने ती घरोघर पोचवली. फ्रेंचमध्ये 'बफ' म्हणजे जनावरही आणि मांसही. इंग्रजीतही कित्येक शतकं तसंच होतं. शेक्सपिअरचा शायलॉक 'मटन्स, बीफ्स ऑर गोट्स' म्हणतो, तेव्हा तो जिवंत जनावरांबद्दलच बोलतोय. गोठा आणि ताट यांची पक्की वाटणी पुष्कळ नंतरची आहे. विल्यमच्या पंगतीला कोणी बसून ठरवलेली नाही.

बरं, मी लिहायला आले होते ते वेगळंच. नोकरीनिमित्त यॉर्कशायरमध्ये राहते, म्हणजे धागाकर्त्यांच्या डेनलॉच्या मधोमध. इथे गावांच्या नावांच्या शेवटी 'बी' दिसली की व्हायकिंग वस्ती समजायची, जसं व्हिटबी किंवा सेल्बी. 'थॉर्प' म्हणजे वाडी, जसं स्कनथॉर्प. यॉर्क शहरात नवा माणूस हमखास गोंधळतो, कारण तिथे 'गेट' म्हणजे दरवाजा नाही, रस्ता. नॉर्समध्ये 'गाता' म्हणजे रस्ता. स्टोनगेट, कॉपरगेट हे सगळे रस्ते, आणि शहराच्या तटाचे जे खरे दरवाजे आहेत त्यांना म्हणतात 'बार'. त्यामुळे 'मिकलगेट बार' हा मोठ्या रस्त्याचा दरवाजा आहे. तिथे पेय मिळत नाही, आमच्याकडे आलेल्या पाहुण्यांची निराशा झाली आहे.

पण एक वस्तू मुद्दाम सांगण्यासारखी. कर्कडेलला सेंट ग्रेगरीचं एक लहानसं चर्च आहे, आजूबाजूला झाडी, जवळ ओढा. दक्षिणेच्या दाराच्या वर भिंतीत दगडी सूर्यघड्याळ बसवलंय. पुढे नंतर पडवी बांधली म्हणून ते ऊन-पावसातून वाचलं, पण आता त्यावर ऊनच पडत नाही. मधोमध घड्याळ, दोन्ही बाजूंना कोरलेला मजकूर. मतलब असा: गामलचा मुलगा ऑर्म याने सेंट ग्रेगरीचं हे देवस्थान पार मोडून-पडून गेलेलं असताना विकत घेतलं आणि एडवर्ड राजाच्या आणि टॉस्टिग सरदाराच्या दिवसांत पायापासून नवं बांधवलं. टॉस्टिग १०५५ ते १०६५ या काळात इथला अर्ल होता, म्हणजे लेख त्या दहा वर्षांतला.

आता मजा बघा. ऑर्म आणि गामल ही नावं अस्सल नॉर्स. लेख इंग्रजीत. म्हणजे व्हायकिंगांचा वंशज इंग्रजीत कोरून घेतोय. आणि 'एडवर्ड राजाच्या दिवसांत' या शब्दांत जुन्या नियमाप्रमाणे 'एडवर्ड' आणि 'राजा' दोन्हींना षष्ठीचा प्रत्यय हवा. दोन्हीकडे नाही. 'दिवस' या शब्दाचा प्रत्यय मात्र शाबूत आहे. हेस्टिंग्जच्या आधीच प्रत्यय गळायला लागलेत हे तिथे दगडात दिसतं. दाराखाली उभं राहून मान वर करून वाचावं लागतं, मान अवघडते, पण जरूर बघा.

खडूफळा

उत्तरवाराताई, सुंदर प्रतिसाद! हा टॉस्टिग म्हणजे हेस्टिंग्जला पडलेल्या इंग्लंडच्या हॅरल्ड राजाचा भाऊ ना?

उत्तरवारा

हो, सख्खा भाऊ. अर्लपद गेलं म्हणून तो नॉर्वेच्या राजाला घेऊन चालून आला आणि २५ सप्टेंबर १०६६ ला स्टॅमफर्ड ब्रिजला मारला गेला. हॅरल्ड तिथून धावतपळत दक्षिणेला गेला आणि १४ ऑक्टोबरला हेस्टिंग्जला पडला. घरभेदीपणाचे धडे आपल्यालाच येतात असं नाही.

शंकासुर

रंगात आलेल्या धाग्यात मिठाचा खडा टाकतो.

एक. प्रत्यय व्हायकिंगांमुळे गळले हे इतक्या ठामपणे कसं म्हणता? जर्मेनिक भाषांत शब्दाच्या पहिल्या अवयवावर जोर असतो, शेवट आपोआप पुसट होतो. डच भाषेने विभक्ती टाकली, डॅनिश आणि स्वीडिश भाषांनीही टाकली. तिथे कोणते शेजारी बैल विकायला आले होते?

दोन. केल्टिक लोकांना तुम्ही दोन नद्या देऊन वाटेला लावलंत. 'डू यू नो?' या वाक्यात 'डू'चं काम काय? जर्मन, डच भाषांत प्रश्नाला असा टेकू लागत नाही. वेल्श आणि कॉर्निशमध्ये यासारखी रचना आहे, म्हणून तो केल्टिक वारसा असावा असं काही अभ्यासक म्हणतात. बाकीच्यांना हे पटत नाही, कारण लेखी इंग्रजीत ही रचना फार उशिरा दिसते. तरी हा दावा खोडून काढायला हवा होता, नुसता वगळून भागणार नाही.

तीन. कर्कडेलच्या दगडावर जागा कमी होती म्हणून प्रत्यय गाळला असेल. :)

बखरवाचक

शंकासुर, उलट्या क्रमाने उत्तर देतो.

तीन: 'पार मोडून-पडून गेलेलं' असं दोन-दोन शब्दांत कोरायला त्याला जागा होती.

दोन: केल्टिकचा मुद्दा मी टाळला हे मान्य. मला तो आकर्षक वाटतो, पण मधली हजारेक वर्षं लेखी पुरावा गप्प आहे आणि तेवढ्या उडीवर मी पैज लावणार नाही.

एक: हा खरा प्रश्न. शेवट पुसट व्हायची ओढ आधीपासून होती, बरोबर. पण मुद्दा वेगाचा आणि जागेचा आहे. प्रत्यय आधी कुठे गळले? उत्तरेत आणि पूर्वेत, डेनलॉमध्ये. दक्षिणेकडच्या बोलींनी ते बरेच पुढेपर्यंत सांभाळले. पीटरबरोच्या मठातली बखर ११५४ पर्यंत लिहिली जात होती, तिचा शेवटचा भाग वाचला तर आजच्या इंग्रजीची चाल ओळखू येते. पीटरबरो डेनलॉच्या पट्ट्यातच आहे. त्याच काळात नॉर्मन राज्य देशभर होतं. नॉर्मनांमुळे प्रत्यय गळायचे तर दक्षिणेत आधी गळायला हवेत, सत्ता तिथे होती.

हे टोकाला नेणारेही आहेत. ऑस्लोचे भाषाशास्त्रज्ञ यान तेरिये फारलुंड यांनी एका सहकाऱ्याबरोबर मांडलंय की आजची इंग्रजी ही स्कँडिनेव्हियन भाषाच आहे, जुनी इंग्रजी मरून गेली. एवढं मी म्हणणार नाही. बहुतेक अभ्यासकही म्हणत नाहीत.

खडूफळा

मी माध्यमिकला इंग्रजी शिकवते. मुलं विचारतात, 'बाई, लव्हमध्ये ओ कशाला? क्वीनला क्यू कशाला? नाइटमधला के आणि जीएच कोणासाठी?' याला जबाबदार कोण, शेजारी की साहेब?

उत्तरवारा

बाई, पहिल्या दोन्हींचा दोष साहेबाच्या कारकुनाचा. 'क्वीन' जुन्या इंग्रजीत सी-डब्ल्यूने लिहीत, फ्रेंच वळणाच्या लेखनिकांनी क्यू-यू आणलं. 'व्हॉट', 'व्हेन'मध्ये एच आधी होता आणि डब्ल्यू नंतर, तो क्रमही त्यांच्याच काळात फिरला. 'लव्ह', 'सन' (मुलगा), 'कम' यांत मूळ यू. पण त्या काळच्या हस्ताक्षरात यू, एन, एम, व्ही म्हणजे ओळीने उभ्या रेघा, कुठलं अक्षर कुठे संपतं कळायचं नाही. म्हणून यू काढून ओ घातला. मोडी वाचणाऱ्यांना हे दुखणं समजेल.

'नाइट'मध्ये मात्र कोणाचाच दोष नाही, पूर्वी के आणि जीएच दोन्ही उच्चारत. कॅक्स्टनने १४७६ मध्ये वेस्टमिन्स्टरला छापखाना घातला, स्पेलिंग हळूहळू गोठत गेलं आणि नेमके त्याच शतकांत उच्चार सरकत राहिले. मुलांना सांगा, जुन्या उच्चाराची छापील नोंद पाठ करताय.

पानपट

वॉरंटी आणि गॅरंटी यांत फरक काय, हे दुकानदार नीट सांगत नाही. तुमच्यापैकी कोणी सांगा.

कज्जेदलाल

कायद्यातला फरक फी घेऊन सांगेन. जन्माचा फुकट सांगतो: दोन्ही एकच शब्द. नॉर्मंडीच्या फ्रेंचमध्ये सुरुवातीला 'व' होता, पॅरिसकडच्या फ्रेंचमध्ये 'ग'. आधी नॉर्मन 'वॉरंटी' आली, नंतर पॅरिसची 'गॅरंटी'. वॉर्डन आणि गार्डियन हेही तसेच. 'कॅच' नॉर्मन, 'चेस' पॅरिसचा. १२०४ मध्ये जॉन राजाने नॉर्मंडी गमावली, त्यानंतर दरबारी डौल पॅरिसच्या फ्रेंचला आला. एकाच साहेबाकडून दोनदा उधारी.

आणि हे नॉर्मन तरी कोण? नाव बघा, उत्तरेची माणसं. ९११ मध्ये फ्रँक राजाने रोलो नावाच्या व्हायकिंग सरदाराला सेन नदीच्या मुखाकडचा मुलूख दिला, त्याचे हे वंशज. शंभर-दीडशे वर्षांत भाषा विसरून फ्रेंच झाले. म्हणजे बखरवाचकांच्या शेजाऱ्याचाच भाऊबंद माझा साहेब.

चिंचेचं_झाड

कज्जेदलालांच्या फारसीच्या मुद्द्याला पुरवणी. शिवाजी महाराजांच्या आज्ञेवरून रघुनाथपंत हणमंत्यांनी राज्यव्यवहारकोश केला, फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द दिले. तसं इंग्रजीत कोणी केलं नाही का?

बखरवाचक

केलं की. सोळाव्या शतकात केंब्रिजला ग्रीकचे प्राध्यापक सर जॉन चीक यांनी बायबलमधल्या मॅथ्यूच्या शुभवर्तमानाचं भाषांतर करताना परके शब्द टाळले. शंभर सैनिकांवरचा 'सेंच्युरियन' त्यांनी 'हंड्रेडर' केला, वेड लागलेल्या 'लुनॅटिक'ला 'मून्ड' म्हटलं. एकही टिकला नाही. फरक एवढाच की महाराजांच्या कोशामागे राज्य होतं, चीकसाहेबांमागे फक्त चीकसाहेब. तरी पेशवाईच्या कागदांत फारसी शब्दांची गर्दी आहेच.

खडूफळा

एक शेवटचं. 'दे' आणि 'देम' उत्तरेकडचे, तर लंडनला कधी पोचले? ताबडतोब?

बखरवाचक

छे, रमतगमत गेले. १४०० मध्ये वारलेला कवी चॉसर लंडनचाच. तो 'दे' लिहितो, पण त्यांना म्हणायला अजून 'हेम' आणि त्यांचं म्हणायला 'हिर'. तीन भावंडांतलं एकच तोवर दक्षिणेत पोचलं होतं.

अंड्याला तर त्याहून वेळ लागला. १४९० मधल्या एका प्रस्तावनेत कॅक्स्टनने किस्सा लिहिलाय. नेदरलँड्समधल्या झीलंडला निघालेले काही व्यापारी वारा पडला म्हणून थेम्सवर अडकले. एकजण किनाऱ्यावरच्या घरी गेला आणि खायला 'एग्ज' मागितली. बाई म्हणाली, मला फ्रेंच येत नाही. हा भडकला, कारण फ्रेंच त्यालाही येत नव्हती. शेवटी दुसऱ्याने 'आयरन' हवीत असं सांगितलं तेव्हा बाईंना उमगलं. 'एग' नॉर्स, 'आयरन' जुनं इंग्रजी. व्हायकिंग येऊन सहाशे वर्षं झाली तरी दक्षिणेच्या बाईला त्यांचा शब्द फ्रेंच वाटत होता, म्हणजे न कळेल ते सगळं साहेबाचं.

'आयरन' मेलं. 'हेम' मात्र मेलेला नाही. बोलताना 'गिव्ह एम' म्हणतात ना, तो 'देम'चा आळशी उच्चार नव्हे. तो चॉसरचा 'हेम' आहे, फक्त ह गळालाय. वर्गात मुलं तसं बोलली तर बाई, लाल शाई जरा जपून वापरा.